चूल वेगळी झाली की पोरांचं काय होतं?

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. जूनपासून ती रोज पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरा यायची. दारात थांबून "येऊ का मॅडम?" म्हणायची आणि मान खाली घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. आठवीत हीच पोरगी पहिल्या बाकावर असायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायची. महिनाभर मी तिला रागावले. मग एका मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस ते सांग बरं.

तिनं बोटांवर मोजलं. पाचला उठते. नळ येणार असेल तर हंडे, ड्रम भरते. आजीला चहा आणि बीपीची गोळी देते. पोळ्या टाकते. धाकट्या भावाला उठवते, अंघोळीला लावते, त्याचा डबा भरते, त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत सोडून येते. मग भांडी, मग स्वतःची अंघोळ. साडेदहाला आमची घंटा होते तेव्हा ती घरी वेणी घालत असते. वडील सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आहेत, चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर आईही तिकडेच गेली, खोलीवर बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. पोरांची शाळा बुडू नये म्हणून पोरं इथेच ठेवली.

"आईला सांगितलंस का, एवढं सगळं होतं म्हणून?"

"फोनवर काय सांगायचं मॅडम? ती रडते मग."

खानदेशातल्या, गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावात मी शिकवते. त्या दिवसानंतर मी सगळ्या वर्गाला एक साधा प्रश्न विचारला: रात्री तुमच्या घरी जेवायला कोण कोण असतं? कुणी म्हणालं, मी आणि आजी. कुणी म्हणालं, मम्मी आणि आम्ही तिघं, पप्पा पुण्याला सिक्युरिटीत आहेत. एक जण मामाकडे राहतो. एकाचे वडील भुसावळला रेल्वेत आहेत. ते घरी असतात, पण ड्युटी रात्रीची, म्हणून दिवसा झोपलेले असतात आणि घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. एकच हात असा वर आला, की "आम्ही अकरा जण." सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघायला लागला.

घरातली माणसं हलली की वयात येणाऱ्या पोरांवर काय परिणाम होतो, याचा जगभरात गेली कित्येक दशकं अभ्यास झालाय. त्यातलं जे आपल्याकडच्या घरांना लागू पडतं असं मला वाटतं, ते इथे मांडते.

घर मोजायचं कसं?

घरं लहान होताहेत हे तर दिसतंच. २०११ च्या जनगणनेत देशातलं सरासरी घर जवळपास पाच माणसांचं होतं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ४.४ वर आलं. पण नुसती डोकी मोजून फारसं कळत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, ती मला अजूनही फार उपयोगाची वाटते. एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, मालमत्ता सामाईक, पूजा सामाईक आणि नातं रक्ताचं किंवा लग्नाचं. म्हणजे घर एका दोरानं बांधलेलं नसतं, पाच दोर असतात. घर बदलतं तेव्हा पाचही एकदम तुटत नाहीत.

गुजरातमधल्या महुवा गावात समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी हेच तपासलं. वेगळं राहणारी, वेगळं रांधणारी घरंसुद्धा देण्याघेण्यात, लग्नकार्यात, आजारपणात एकमेकांशी बांधलेली असतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे हे कुणाला पटवून द्यायची गरज नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशची देवी, कानबाई बसते, तेव्हा सुरतेच्या लिंबायत-उधन्यातून, पुण्या-नाशिकातून भाऊबंद गावाकडे येतात. वर्षभर एकमेकांच्या बांधावरून तोंड फिरवून जाणारे भाऊ त्या दिवशी रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला एका पंगतीत बसतात. छप्पर गेलं, चूल गेली, शेताची वाटणी झाली, तरी पूजेचा दोर शाबूत असतो.

म्हणून एखाद्या पोराच्या घरी काही बदललं असं कळलं की मी आता आधी विचारते, कोणता दोर तुटला आणि कोणता टिकलाय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जो माणूस घरातून गेला तो घरात कोणतं काम करत होता आणि ते काम आता कुणाच्या अंगावर पडलंय? माणूस जातो, त्याचं काम मागे राहतं. पाणी भरणं, दळण आणणं ही कामं दिसतात. पोराच्या चेहऱ्याकडे बघून "आज काय झालं रे?" विचारणं हेही कामच आहे. ते कुणाच्या वाट्याला आलं नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

या वयात चाललेलं असतं काय?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वर्षांना किशोरवय म्हणते. उंची, आवाज, मिसरूड, पाळी हे बाहेरून दिसतं. मेंदूत त्याहून मोठी उलथापालथ चाललेली असते. मजा, बक्षीस, शाबासकी, अपमान यांना तडक प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो. कपाळामागचा, थांबवणारा आणि पुढचा विचार करणारा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येतं. नवा गोऱ्हा गाडीला जुंपताना शेजारी जुना, शिकलेला बैल जुंपतात. गोऱ्ह्यात ताकद असते, चाल नसते. चाल तो शेजारच्याकडून शिकतो.

शेजारी कोण आहे यानं किती फरक पडतो, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये अमेरिकेत एका साध्या प्रयोगातून दाखवलं. मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवायचा एक कॉम्प्युटर गेम खेळायला दिला, काहींना एकट्यानं आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्या माणसांच्या खेळण्यात मित्रांमुळे जवळपास फरक पडला नाही. हे वाचल्यावर मला आमच्या बसस्टँडमागची संध्याकाळ आठवली. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे ते दोन-तीन तास, एका मोटारसायकलवर तिघं, हायवेपर्यंत शर्यत. तीच पोरं एकेकटी भेटली तर शहाण्यासारखी बोलतात. त्या तासांत घरी कुणी नसतं, म्हणून ती तिथे असतात.

झोपेचंही असंच आहे. या वयात शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, हा आळस किंवा मस्ती नसते. आणि गरज असते आठ ते दहा तासांची. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. माझी ती विद्यार्थिनी साडेनऊला आईशी बोलते, मग गृहपाठ करते, अकराला पडते, पाचला उठते. ती गणितात का मागे पडली याचं कोडं उरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे "मी कोण?" हा प्रश्न. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञानं या वयाचं मुख्य काम हेच मानलं: स्वतःची ओळख घडवणं. गावात ही ओळख आयती मिळते. तू अमक्या जिभाऊंचा नातू, तमक्या गल्लीचा. ती कधी काचते, पण पाय ठेवायला जमीन देते. पुण्यात वन बीएचकेमध्ये गेलेल्या पोराला ती जमीन नव्यानं शोधावी लागते. त्यात भाषा फार मोठा भाग असतो, हे आपण विसरतो. आठवीत पुण्याला गेलेला एक मुलगा दिवाळीत भेटायला आला. आजी दारातूनच म्हणाली, "जेवना का रे?" त्यानं पुस्तकी मराठीत "हो, जेवलो" असं उत्तर दिलं. वर्गात अहिराणी बोलला म्हणून पोरं हसली होती, एवढंच त्यानं मला नंतर सांगितलं. आजीशी आता तो कमी बोलतो. ज्या भाषेत त्याला रडता येत होतं, तीच त्यानं गिळून टाकली आहे. मला यावर फार वाईट वाटतं आणि मी प्रत्येक पालकाला सांगते, घरात अहिराणी बोला. मुलाची प्रमाण मराठी त्यानं बिघडत नाही, उलट त्याच्याकडे दोन भाषा होतात.

रिकामं माणूस

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पालक नेहमी म्हणतात, पोरांवर लक्ष ठेवा. कुठे जातो, कुणाशी बोलतो, मोबाईलमध्ये काय बघतो. ज्या पालकांना हे माहीत असतं त्यांची मुलं कमी बिघडतात, असं अनेक अभ्यासांत दिसायचंच. पण पालकांना ते कळतं कुठून? स्वीडनमध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हेच विचारलं. २००० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासातून निघालं, की पालकांना जे माहीत असतं त्यातलं बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. पहारा आणि उलटतपासणी यांतून फार थोडं कळतं.

म्हणजे प्रश्न असा होतो: पोर आपणहून कुणाला सांगतं? जो रिकामा असतो त्याला.

माझं लहानपण धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलं. चौदा माणसं, एक चूल. मोठी काकू दुपारभर ओसरीवर सुपात दादर ज्वारी निवडत बसायची. शाळेतून आलं की दप्तर टाकून तिच्याशेजारी बसायचं, दोन खडे आपणही वेचायचे आणि बोलत राहायचं. ती वर बघायचीसुद्धा नाही. "मंग?" एवढंच म्हणायची. मला पहिल्यांदा पाळी आली ते मी आईला सांगितलं नाही, काकूला सांगितलं. आईची लाज वाटत होती असं नाही. आई चुलीपुढे होती, घाईत होती, आणि काकू रिकामी होती. तिचे हात कामात होते, पण कान मोकळे होते. चौदा वर्षांच्या मुलीला समोरासमोर बसवून "बोल, काय आहे तुझ्या मनात?" विचारलं तर ती कधीच बोलणार नाही. शेजारी बसून शेंगा सोलताना ती सगळं सांगते.

मोठ्या घरात असं रिकामं माणूस कुणी मुद्दाम नेमलेलं नसतं. आजोबा असतात, लग्नाची आत्या असते, कॉलेज सोडलेला काका असतो. घर लहान झालं की पहिल्यांदा नाहीसं होतं ते हेच. चौकोनी घरातले आईबाप प्रेमळ असतात, पैसा लावतात, पण दोघंही कामाला जुंपलेले असतात.

हे लिहिताना मला एकत्र कुटुंबाचे गोडवे गायचे नाहीत. त्याच घरात मला पेन हवं असलं तर आई आजोबांपुढे जायला कचरायची. माझ्या चुलत बहिणीची शाळा दहावीनंतर बंद झाली, आणि तो निर्णय तिच्या आईनं घेतला नव्हता, मोठ्या काकांनी घेतला होता. कुलूप लावता येईल अशी एक खोली नव्हती, रडायचं तर गोठ्यात जावं लागे. मी तेरा वर्षांची असताना आमची वाटणी झाली. वेगळ्या चुलीवर आईनं स्वतःच्या मर्जीनं घेतलेला पहिला मोठा निर्णय म्हणजे मला पुढे जळगावला शिकायला पाठवणं. वाटणी झाली नसती तर मी आज शिक्षिका नसते. चूल वेगळी होण्यानं एकीचं कल्याण आणि दुसऱ्याचं नुकसान एकाच घरात होऊ शकतं.

त्या वाटणीतली एक गोष्ट मात्र अजून मनात आहे. उन्हाळ्यात आम्ही पोरं धाब्यावर झोपायचो. खाली रात्री उशिरापर्यंत बोलणं चालायचं, आवाज चढायचे, आजी रडायची. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. "पोरांना काय कळतं!" त्याच आठवड्यात चुलत भावाशी सायकलवरून माझं मोठं भांडण झालं होतं. मी पक्कं धरून बसले, की आमच्या भांडणामुळे घर फुटतंय. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही, आणि ही समजूत कुणाला सांगितलीही नाही. पोरांना अर्धवट सगळं ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं ती स्वतःला दोष देऊन भरून काढतात. घरात काही बदलणार असेल तर ते आधी, साध्या शब्दांत आणि दोन-तीनदा सांगावं लागतं. काय बदलेल, काय तसंच राहील, शाळा कोणती, कुणाकडे झोपायचं. हे सांगायला पैसा लागत नाही आणि शिक्षणही लागत नाही.

बाप सुरतेला, आई फडात

आईबाप कामासाठी बाहेरगावी आणि मुलं मागे, ही जगातली फार मोठी गोष्ट आहे. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा मागे राहिलेल्या मुलांवरचे १११ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यातले बहुतेक चीनमधले होते. अशा मुलांमध्ये उदासी, चिंता, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, व्यसन आणि पोषणाची आबाळ, सगळं जास्त आढळलं. घरी पैसा आल्यानं मुलांच्या आरोग्याचा फायदा झाल्याचं काही दिसलं नाही. वाचून मी हबकले होते. पण ही सरासरी आहे. एकेका मुलाचं काय होईल हे मागे कोण राहिलं, ते माणूस स्वतः धडधाकट आहे का आणि फोनवर काय बोललं जातं यावर ठरतं.

फोनचं सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी मी बसले असताना साडेनऊला सुरतेहून व्हिडिओ कॉल आला. त्यानं फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. "अभ्यास करतो ना?" "हो." "मोबाईल पाहत नाही ना?" "नाही." "आईकडे दे." संपलं. बाप तिकडे बारा तास लूमपुढे उभा राहून आलेला, पोराला बघायला आसुसलेला, आणि त्याला पोराशी बोलायला एवढे दोनच प्रश्न सुचतात. नंतर पालकसभेला तो आला तेव्हा मी त्याला म्हटलं, दादा, त्याला विचारू नका, तुमचं सांगा. आज कारखान्यात काय झालं, दोरा तुटला की काय करता, खोलीवर स्वयंपाकाची पाळी कुणाची होती. मुलं आपलं सांगायला लागतात ती समोरच्यानं त्याचं सांगितल्यावर. आणि पोराशी बोलायचं ते थेट, आईमार्फत नाही. जो बाप फक्त पैसे आणि धाक पाठवतो, त्याची जागा घरात हळूहळू बुजत जाते, आणि दोन वर्षांनी तो परत येतो तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा त्याला पाहुण्यासारखा वागवतो.

ऊसतोडीचं गणित आणखी अवघड आहे. नंदुरबार, धुळे, चाळीसगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर कोयते घेऊन निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी मागे ठेवायची तर आईचा जीव थाऱ्यावर नसतो, बरोबर न्यायची तर तिनं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत स्वयंपाक करायचा आणि लहानग्यांना सांभाळायचं. या दोन्हींतून सुटका म्हणून कितीतरी घरांत तिचं लग्न लवकर उरकतात. मी त्या आईला दोष देत नाही. तिच्यापुढे ठेवलेले सगळेच पर्याय वाईट आहेत. शासनाची हंगामी वसतिगृहं याच मुलांसाठी आहेत. ती दिवाळीनंतर दोन महिन्यांनी सुरू झाली तर काही उपयोग नाही. टोळीची गाडी भरते त्या दिवशी ताट तयार पाहिजे.

धडगाव, अक्कलकुव्याकडची भिल्ल, पावरा मुलं सहाव्या-सातव्या वर्षीच आश्रमशाळेत जातात. वयात येतात ती तिथेच, शंभर जणांच्या घोळक्यात. घरची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी. शिक्षण मिळतं ही मोठी गोष्ट आहे. पण रात्री पोट दुखलं तर कुणाला उठवायचं, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असलं पाहिजे. शंभर मुलांमागे एक अधीक्षक असेल तर तो कितीही चांगला असला तरी रिकामं माणूस होऊ शकत नाही.

रावेर-यावलकडची केळीवाल्यांची मुलं दहावीनंतर जळगावला, नाशिकला, कोट्याला नीटच्या क्लासला जातात. तिथे डबा वेळेवर येतो, खोलीला कूलर असतो. पण सहा महिने कुणी "चेहरा का उतरलाय?" म्हणून विचारत नाही. पैसेवाल्या घरचं पोर आणि कोयतेवाल्या घरचं पोर इथे एकाच दुःखाला येऊन भेटतात.

मोडलेलं घर, भांडणारं घर

घटस्फोट हा शब्द आपल्याकडे अजून दबक्या आवाजात येतो. "माहेरी आलीय" म्हणतात. त्या मुलांकडे सगळे कीव करून बघतात, जणू त्यांचं वाटोळं ठरलेलंच. मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी अमेरिकेत जवळपास चौदाशे कुटुंबांचा तीन दशकं मागोवा घेतला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या, न झालेल्या घरांत हे प्रमाण १० टक्के होतं. फरक मोठाच आहे, हलका मानू नका. पण चारातली तीन मुलं सावरली, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. पॉल अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरात रोज कडाक्याचं भांडण होतं, तिथली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर उलट बरी राहिली. रोज रात्री आईला मार खाताना बघणाऱ्या मुलाला "पोरांसाठी तरी एकत्र राहा" हा सल्ला देणारे नातेवाईक त्याचं भलं करत नसतात.

घर कोणत्या आकाराचं आहे यापेक्षा ते किती वेळा बदललं, हे जास्त नडतं, असंही अमेरिकेतल्याच अभ्यासांत दिसलंय. पाचवीत आजोळी, सातवीत परत बापाकडे, आठवीत काकांकडे, नववीत होस्टेलवर, अशी मुलं माझ्याकडे येतात. ती कुणाशी जवळीकच करत नाहीत. पुन्हा उठावं लागणार हे त्यांना ठाऊक असतं. आजीजवळच राहायचं ठरलं असेल तर निदान दहावीपर्यंत आजीजवळच राहू द्या.

कापसाच्या कर्जापायी बाप गेलेल्या घरांबद्दल मी इथे थोडंच लिहिते, कारण तो वेगळाच विषय आहे. त्या घरातल्या मोठ्या मुलाला तेराव्याच्या दिवशी पागोटं बांधून सगळे म्हणतात, "आता तूच घरचा कर्ता." तो पंधरा वर्षांचा असतो. त्याला रडायचीही मुभा राहत नाही.

भार किती, कोणत्या वयात

पोरांना काम पडणं हे वाईटच, असंही नाही. ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातल्या अमेरिकन मंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास केला. तेव्हा किशोरवयात असलेली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची मुलं बाहेर छोटी कामं करू लागली, मुलींनी घर सांभाळलं, आणि मोठेपणी त्यातली बरीच जण चांगली उभी राहिली. शेजारच्या बर्कलेची जी मुलं तेव्हा अगदी लहान होती, त्यांच्यातल्या मुलग्यांना तीच गरिबी जास्त बाधली. म्हणजे संकट कोणत्या वयात आलं यावर बरंच ठरतं. आपली घराला गरज आहे, आपल्याशिवाय अडतं, ही जाणीव चौदा-पंधराव्या वर्षी माणसाला उंच करते. पण हातभार लावणं वेगळं आणि आईची जागा घेणं वेगळं. हातभार लावणाऱ्याला थकल्यावर "राहू दे, मी करते" म्हणणारं कुणीतरी असतं. जागा घेतलेल्याला नसतं.

हवाईतल्या काउआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात जवळपास नेहमी एक गोष्ट सापडली: एक तरी मोठं माणूस, जे टिकून राहिलं. ते आईबापच असावं असं नव्हतं. कुणाची आजी होती, कुणाची मोठी बहीण, कुणाचे शिक्षक.

मला हे वाचून धीर आला. गेलेली वाडे-घरं परत येणार नाहीत, सुरतेचे लूम बंद पडणार नाहीत. पण एका पोरामागे एक टिकणारं, थोडं रिकामं माणूस एवढं गल्लीतल्या गल्लीत जमू शकतं. भाऊबंदकीतल्या एखाद्या काकूनं, निवृत्त झालेल्या गुरुजींनी हे मनावर घेतलं तर जमतं.

काही वेळा एवढं पुरत नाही. पोर दोन-तीन आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, मित्र सोडले असतील, हाता-मांडीवर ब्लेडच्या खुणा दिसत असतील, मरायची भाषा करत असेल, तर "या वयात होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलावर अन्याय, मारझोड, बालविवाह असेल तर मुलांच्या मदतीचा नंबर १०९८. बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकही असतं, तिथे पाळीपासून मनातल्या भीतीपर्यंत काहीही विचारता येतं.

त्या मुलीच्या आईला मी फोन केला. ती रडलीच, पण रडून झाल्यावर तिनं दोन गोष्टी केल्या. शेजारच्या चुलत जावेला सांगून धाकट्याला शाळेत सोडायचं काम तिच्याकडे दिलं. आणि आता रविवारी दुपारी ती खडे चिकटवताना फोन शेजारी चालू ठेवून लेकीशी तास-दीड तास बोलते. लेक इकडे शेंगा सोलत असते. मुलगी आता बहुतेक दिवस घंटेआधी येते, दुसऱ्या बाकावर बसते. नळाला पाणी येतं त्या दिवशी अजून उशीर होतो. त्या दिवशी मी हजेरी शेवटी घेते.